माणसांचे बेट

एकट्याने समुद्रप्रवास करणाऱ्या माणसाला कोणती भीती वाटत असेल? वादळाची, पाण्याखाली दडलेल्या खडकांची, तहानभुकेची, असेच कोणीही म्हणेल. परंतु जोशुआ स्लोकम नावाच्या दर्यावर्दीला आरंभीच ज्या भीतीने गाठले, ती अगदी निराळी होती. आपल्याशी बोलावयास कोणी नाही, तेव्हा आपण बोलणेच विसरून जाऊ, असे त्याला वाटू लागले. म्हणून तो डेकवर उभा राहून मोठमोठ्याने हुकूम सोडी. सुकाणूवर कोणी नसे, तरी सुकाणूवाल्याला हाक मारून गलबताची दिशा विचारी. परंतु रिकाम्या आकाशाखाली स्वतःचाच आवाज त्याला पोकळ वाटू लागला. उत्तरच येत नसेल तर हाक तरी किती वेळा मारावी? अखेरीस त्याने तो प्रयोग सोडून दिला आणि तो गाणी म्हणू लागला. श्रोते मिळाले ते डॉल्फिन. ते पाण्याबाहेर उड्या मारीत आणि पुन्हा आपल्या वाटेने निघून जात.

हा स्लोकम १८४४ साली कॅनडातील नोव्हा स्कोशिया या प्रांतात जन्मला. घरची गरिबी होती. वडिलांच्या जोडे शिवण्याच्या धंद्यात हातभार लावण्यासाठी त्याची शाळा लहानपणीच सुटली. पुढे तो समुद्रावर गेला आणि साध्या खलाशापासून चढत चढत मोठ्या जहाजाचा कप्तान झाला. त्याची पत्नी व्हर्जिनिया त्याच्याबरोबर समुद्रावरच संसार करी. १८८४ साली दक्षिण अमेरिकेतील ब्युनॉस आयर्सच्या बंदरात ती वारली. त्यांची काही मुले तर तान्हेपणीच गेली होती. पुढे आगबोटींचा काळ आला, शिडांच्या जहाजांचे दिवस सरले आणि स्लोकमचे काम गेले. तेव्हा त्याने एक मोडकी, जुनी नौका घेतली, तेरा महिने खपून स्वतःच्या हातांनी ती जवळजवळ नव्याने बांधली आणि तिच्यात बसून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचा निश्चय केला. असे धाडस तोपर्यंत कोणी पार पाडले नव्हते. नौकेचे नाव 'स्प्रे', म्हणजे तुषार. तिची लांबी सदतीस फुटांहूनही थोडी कमीच होती. परंतु तिच्या अंगी एक मोठा गुण होता. शिडे नीट लावून सुकाणू बांधून ठेवले, की ती आपली दिशा सोडीत नसे. त्यामुळे तिच्या एकुलत्या एका खलाशाला निश्चिंतपणे झोप घेता येई.

१८९५ सालच्या एप्रिलच्या २४ तारखेस स्लोकमने बॉस्टन बंदर सोडले. अटलांटिक महासागर ओलांडून, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याने उतरत तो पुढील वर्षाच्या प्रारंभी मॅगेलनच्या सामुद्रधुनीत शिरला. पॅसिफिक महासागरात जाण्याची ती वाट मोठी बिकट होती. डोंगरांवरून एकाएकी वाऱ्याचे लोट कोसळत आणि नौकेची शिडे फाडून टाकीत. एकदा तो पॅसिफिकच्या तोंडाशी पोहोचला, तोच भयंकर वादळाने त्याला मागे रेटले. रात्रीच्या अंधारात फेसाळलेल्या खडकांमधून वाट काढीत तो कसाबसा वाचला. शिवाय माणसांचेही भय होते. बाहेरून आलेले लोक आणि तेथील मूळ रहिवासी यांच्यात त्या काळी वैर माजले होते. कोणी काळोखात नौकेवर चढू नये, म्हणून स्लोकम निजण्यापूर्वी डेकवर टोकदार खिळे पसरून ठेवी. बंदूक तर नेहमी हाताशी असे. त्या निर्जन किनाऱ्यावर त्याला एक लाभही झाला. एका फुटलेल्या जहाजातून वाहून आलेली चरबीची पिंपे त्याला सापडली. कोठे तरी उपयोगी पडतील, म्हणून त्याने ती नौकेत भरून घेतली.

सामुद्रधुनी मागे पडली आणि पंधराव्या दिवशी, १८९६ च्या एप्रिलच्या २६ तारखेस, समोर ढगांमध्ये निळे डोंगर दिसू लागले. ते हुआन फर्नांदेस बेट होते. चिली देशाच्या किनाऱ्यापासून ते सुमारे ६७० किलोमीटर दूर आहे. कित्येक आठवड्यांच्या हालअपेष्टांनंतर ती हिरवी-निळी भूमी पाहताच त्या राकट दर्यावर्दीचे मन भरून आले आणि त्याने डेकवर मस्तक लववून तिला वंदन केले. परंतु डोंगर दिसले म्हणजे पोहोचलो असे नव्हे. बेटाच्या आडोशाला वारा पडला. रात्रभर नौका संथ पाण्यावर डुलत राहिली. कड्यांवर आपटणाऱ्या लाटांचा गंभीर नाद आणि डोंगरातील जनावरांचे ओरडणे कानांवर येत होते. ते ओरडणे हळूहळू क्षीण होत गेले, तेव्हा प्रवाह आपल्याला किनाऱ्यापासून दूर नेत आहे, हे स्लोकमने ओळखले.

सूर्य उगवला आणि बेटाकडून एक होडी येताना दिसली. सहाजण वल्ही मारीत होते. होडी जवळ आली त्याच वेळी स्लोकमने डेकवर पडलेली बंदूक उचलली. ती खाली खोलीत नेऊन ठेवावी, एवढाच त्याचा हेतू होता. परंतु दुरून येणाऱ्यांना हेतू कसा दिसणार? त्यांना बंदूक तेवढी दिसली. त्यांनी तत्काळ होडी वळवली आणि जिवाच्या आकांताने ते किनाऱ्याकडे वल्ही मारू लागले. ज्यांच्या भेटीसाठी तो आतुर झाला होता, तीच माणसे त्याला पाठमोरी होऊन पळू लागली! स्लोकमने हात हलवले, खुणा केल्या, बंदूक ठेवून देत असल्याचे दाखवले. मोठ्या प्रयासाने त्यांची समजूत पटली. होडी पुन्हा वळली आणि थोड्याच वेळात ते सहाहीजण स्प्रेच्या डेकवर उभे राहिले.

स्लोकमने आधीच कॉफी उकळून ठेवली होती. आपल्याकडील गुलगुल्यांसारखे दिसणारे, चरबीत तळलेले गोड वडेही तयार होते. पाहुण्यांनी त्यांच्यावर चांगलाच ताव मारला आणि गप्पांना रंग चढला. स्लोकमच्या सफरीची वार्ता त्यांनी वाल्पराइसोच्या वृत्तपत्रांतून वाचली होती. चिली आणि अर्जेंटिना यांच्यात युद्ध जुंपल्याची बातमी त्यांनी सांगितली. स्लोकम नुकताच त्या दोन्ही देशांतून आला होता. त्याने असे काही ऐकले नव्हते. उलट, तुमचे हे बेटच समुद्रात बुडाले असे मी चिलीत ऐकले, असे त्याने त्यांना सांगितले. जगापासून दूर राहिलेल्यांना जगाच्या वार्ता कशा पोहोचतात आणि जगाला त्यांच्या वार्ता कशा, याचा हा मासलाच म्हणावयाचा!

त्या सहांपैकी एकाला इतरजण 'राजा' म्हणत. त्याचे नाव मॅन्युएल कारोझा. तो मूळचा पोर्तुगीज, अझोर्स बेटांवर जन्मलेला. तरुणपणी त्याने देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांवर नोकरी केली होती. राजेपणासाठी त्याच्याजवळ मुकुट नव्हता की सिंहासन नव्हते. तीस वर्षे, म्हणजे इतर कोणाहीपेक्षा अधिक काळ, तो या बेटावर राहिला होता आणि म्हणून लोकांनी प्रेमाने त्याला ही पदवी दिली होती. बेटाचा खरा कारभार एका गव्हर्नराकडे होता. परंतु मुलांना शाळेत घालण्यासाठी तो त्या वेळी सहकुटुंब वाल्पराइसोला गेला होता. बेटकऱ्यांनी स्प्रेला दोर बांधून आपल्या होडीने ओढण्यास प्रारंभ केला. सुकाणू राजेसाहेबांनी स्वतःच्या हाती घेतले आणि ते असे काही गरगर फिरवले, की आपली नौका पुन्हा कधी सरळ चालेल की नाही, याची स्लोकमला शंका येऊ लागली! पुढे वारा सुटला, शिडे भरली आणि स्प्रे वस्तीसमोरच्या उपसागरात सुखरूप उभी राहिली.

बेटावर लहानथोर मिळून अवघी पंचेचाळीस माणसे होती. त्यांच्या घरांची ठेवण मोठी मजेदार होती. पूर्वी एक जळते जहाज या उपसागरात येऊन खडकांवर आदळले होते. त्याच्या लाकडांतून लोकांनी घरे उभारली होती. त्यामुळे ती घरेही जहाजांसारखीच दिसत. राजाच्या घराला एकच दार होते. ते हिरव्या रंगाने रंगवलेले असून त्यावर पितळी कडी चकाकत होती. दारासमोर निशाणाची काठी आणि शेजारी लाल-निळ्या रंगाची होडी, हे त्या राजाचे वैभव.

या बेटावर एका गोष्टीची मोठी टंचाई होती. बकऱ्यापेक्षा धष्टपुष्ट प्राणीच तेथे नसल्यामुळे तळणासाठी चरबी मिळत नसे. स्लोकमने शिडाच्या आडव्या काठीला तराजू टांगला आणि चरबीचा व्यापार सुरू केला. सूर्यास्तापूर्वीच बेटावरचे लोक गोड वडे तळण्यास शिकलेही! त्याने भाव फार चढा लावला नाही. मोबदल्यात लोकांनी जुनी जुनी नाणी आणून दिली. त्यांतील काही तर या उपसागरात पूर्वी कधी तरी बुडालेल्या एका स्पॅनिश जहाजातील होती. एका बाईने चरबीच्या बदल्यात स्प्रेसाठी एक शीड शिवून दिले. ज्याच्याजवळ जे होते ते त्याने दिले आणि जे हवे होते ते घेतले. दोन्ही बाजूंना आपणच लाभात आहोत असे वाटावे, याहून चांगला व्यापार तो कोणता?

त्या वस्तीत पोलीस नव्हता, वकील नव्हता, दारूचा थेंब नव्हता. वैद्य नव्हता, तरी लोक निरोगी होते. डोंगर दाट झाडीने झाकलेले होते आणि घळीघळींतून निर्मळ पाण्याचे झरे खळाळत होते. परंतु दुःखाने या बेटाची वाट चुकवली होती असे नाही. भूशिरावर एक लहानशी स्मशानभूमी होती. जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांवरून आजारी स्थितीत उतरवलेले खलाशी तेथे चिरनिद्रा घेत होते. तेथेच एक लहान थडगे होते. राजाची आणि त्याच्यामागून ब्राझीलहून या दूरच्या बेटावर आलेल्या त्याच्या पत्नीची एकुलती एक मुलगी वयाच्या सातव्या वर्षी गेली होती. तिला त्यांनी तेथे ठेवले होते. ज्याने स्वतः परमुलखाच्या मातीत पत्नीला निरोप दिला होता, त्याला त्या थडग्याचा अर्थ कोणी समजावून सांगावयास नको होता.

एके दिवशी स्लोकम डोंगरावरच्या एका खिंडीत चढून गेला. तेथील कड्यावर एक शिलालेखाची पाटी बसवलेली आहे. 'टोपाझ' या इंग्रज युद्धनौकेवरील अधिकाऱ्यांनी ती १८६८ साली बसवली. तिच्यावर अलेक्झांडर सेल्कर्क याचे नाव आहे. हा स्कॉटलंडचा खलाशी १७०४ साली 'सिंक पोर्ट्स' नावाच्या जहाजावर होता. जहाज गळके झाले आहे, दुरुस्तीशिवाय पुढे जाणे धोक्याचे आहे, यावरून कप्तानाशी त्याचे भांडण झाले आणि रागाच्या भरात, मला या बेटावरच उतरवा, असे तो बोलून गेला. कप्तानाने तसेच केले. होडी परत फिरताच सेल्कर्कचा राग ओसरला. तो पाण्यात धावत आला, परत घेण्यासाठी विनवू लागला. परंतु कप्तानाने ऐकले नाही. त्याचे भाकीत मात्र खरे ठरले. ते जहाज पुढे खरोखरच बुडाले.

सेल्कर्क या बेटावर चार वर्षे आणि चार महिने एकटा राहिला. पाणी होते, फळे होती, बकऱ्यांचे मांस होते, थंडीवाऱ्यापासून निवारा होता. देहाला लागणारे सर्व काही होते. तो मोठ्याने प्रार्थना म्हणे, भजने गाई, पाळलेल्या करडांबरोबर आणि मांजरांबरोबर नाचे. आणि जहाज दिसते का, हे पाहण्यासाठी त्या खिंडीत जाऊन बसे. १७०९ च्या फेब्रुवारीत एका इंग्रज जहाजाने त्याची सुटका केली, तेव्हा बकऱ्यांची कातडी पांघरलेल्या त्या माणसाचे बोलणे खलाशांना नीट समजेना. तो शब्द अर्धेच उच्चारी. उपयोग नसल्यामुळे त्याची भाषाच झिजून गेली होती! या सेल्कर्कच्या हकिकतीमुळेच डॅनियल डीफो या लेखकाला आपला 'रॉबिन्सन क्रूसो' सुचला, असे मानतात. ती कादंबरी १७१९ साली प्रसिद्ध झाली.

सेल्कर्कने हे बेट सोडले तरी का, असा प्रश्न स्लोकमने आपल्या प्रवासवृत्तात थट्टेने विचारला आहे. परंतु त्याचे उत्तर त्याला ठाऊक नसेल काय? बेट तेच होते. झरे तेच, डोंगर तेच आणि फळेही तीच. सेल्कर्कला जो तुरुंग वाटला, तो स्लोकमला नंदनवन वाटला. कारण मधल्या काळात तेथे पंचेचाळीस माणसे राहावयास आली होती.

एवढ्या सुखी बेटावर स्लोकमला एक उणीव मात्र तीव्रतेने जाणवली. तेथे शाळा नव्हती. ज्याची स्वतःची शाळा लहानपणीच सुटली होती, त्याच्याच नजरेत ही उणीव भरावी, यात नवल नाही. शिकवण्याची आवड असलेल्या आणि शांतता प्रिय असलेल्या एखाद्या सज्जनाने येथे येऊन राहावे, वर्ग लहान असेल, पण त्याचे दिवस आनंदात जातील, असे त्याने लिहून ठेवले आहे.

आणि त्याने स्वतःही एक दिवस त्या मुलांबरोबर घालवला. बेटावरची सगळी मुले त्याच्या प्रवासासाठी रानातील फळे गोळा करावयास निघाली. पेरासारखी दिसणारी बिहीची फळे, पीच आणि अंजीर यांच्या टोपल्या भरू लागल्या. मुलांनी जन्मात स्पॅनिशवाचून दुसरी भाषा ऐकली नव्हती. दिसेल त्या वस्तूकडे बोट दाखवून ती तिचे इंग्रजी नाव विचारीत आणि ते ऐकून खदखदा हसत. फळांनी लगडलेले अंजिराचे झाड आले. त्याचे इंग्रजी नाव कळताच ते नवे नाव ओरडत मुले झाडाला झोंबली. पुढे एक बकरी दिसली. स्पॅनिश भाषेत बकरीला 'काब्रा' म्हणतात. स्लोकमने सांगितले, हिला म्हणावयाचे 'गोट'. झाले! मुले हसून हसून गवतावर गडबडा लोळू लागली. धडधडीत काब्राला गोट म्हणणारा माणूस आपल्या बेटावर आला आहे, याहून मोठी गंमत त्यांच्या आयुष्यात कोणती घडली होती? एकाच प्राण्याला दोन नावे असू शकतात, दोन्हीही खरी असतात, हा भाषेचा पहिला धडा मुले त्या दिवशी शिकली. पाटी नव्हती, फळा नव्हता, छडी तर नव्हतीच.

आणि गुरुजींचे काय? हाकेला उत्तर मिळत नाही म्हणून ज्याने ओरडणे सोडून दिले होते, त्याच्या एकेका शब्दाला आज डोंगर दुमदुमून टाकणारे उत्तर मिळत होते. संपूर्ण प्रवासातील अत्यंत आनंदाच्या दिवसांत त्याने या दिवसाची गणना केली आहे.

मे महिन्याच्या ५ तारखेस स्प्रेने शिडे उभारली. पुढे पाणीच पाणी होते. त्रेचाळिसाव्या दिवशी मार्केसास द्वीपसमूहातील नुकुहिवा बेटाचे डोंगर दिसले, परंतु तो तेथे थांबला नाही. जुलैच्या १६ तारखेस, म्हणजे बहात्तर दिवसांनी, सामोआच्या आपिया बंदरात त्याने नांगर टाकला. होडीतून आलेल्या तेथील बायकांचा, हा माणूस एकटा आला, यावर विश्वासच बसेना. पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून तो १८९८ च्या जून महिन्यात मायदेशी परतला. त्याने सुमारे ४६,००० मैलांचा प्रवास केला होता.

हुआन फर्नांदेस बेटाला १९६६ साली चिली सरकारने 'रॉबिन्सन क्रूसो बेट' असे नाव दिले. त्यावरील गावात आता शाळा आहे आणि स्लोकमची इच्छा पूर्ण झाली आहे. २०१० सालच्या २७ फेब्रुवारीस, पहाटेच्या अंधारात, चिलीतील प्रचंड भूकंपामुळे उसळलेली सागरी लाट या गावावर चालून आली. सरकारी सूचना वेळेवर पोहोचली नव्हती. परंतु समुद्राची लक्षणे पाहून बारा वर्षांची एक मुलगी धावत गावाच्या चौकात गेली आणि तिने धोक्याची घंटा जोरजोराने वाजवली. लोक जागे झाले आणि डोंगराकडे धावले. गावाचा खालचा भाग वाहून गेला. काही जीव गेले, परंतु त्या घंटेने कितीतरी वाचवले.

याच किनाऱ्यावर तीनशे वर्षांपूर्वी एका माणसाने जिवाच्या आकांताने हाक मारली होती आणि ती ऐकणारे कोणी परत फिरले नव्हते. त्या मुलीची हाक साऱ्या गावाने ऐकली. झऱ्यांनी, फळांनी आणि निळ्या डोंगरांनी बेट सुंदर होते. परंतु जेथे एकाच्या हाकेला दुसरा ओ देतो, तेच बेट माणसाला आपले वाटते.